दहाला अकरा

१

हिंमतराव घाडगे वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या, सकाळी मेला, आणि त्याचं तेरावं व्हायच्या आतच नंदेसरीनं त्याला दारुडा ठरवून टाकलं. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणतात. असेल. मेलेल्या माणसाला पाजायला मात्र परवाना लागत नाही.

गोष्ट शहाण्णव सालची. त्या दिवसांत बडोद्याजवळच्या नंदेसरीत दर महिन्याला नवी चिमणी उभी राहत होती आणि ज्याला त्याला परदेशी माल धाडायची घाई सुटली होती. हिंमतराव ज्या कारखान्यात ऑपरेटर होता तिथे कापडाचे रंग बनत. कारखान्याच्या मागे जमिनीत बांधलेला एक पक्का खड्डा होता. तळाशी चुनखडीचे दगड पसरलेले असत. आम्लाचं पाणी त्यांच्यावरून गेलं की त्याचा जोर मरायचा आणि मग ते गटारात सोडायचं. वर सिमेंटच्या लाद्या. तो खड्डा साफ करायला हिंमतराव शिडीवरून उतरला आणि वर आला तो आकड्यानं ओढलेला. काठावर आम्लाचा एक रिकामा कारबॉय, म्हणजे तो पन्नास किलोचा प्लास्टिकचा कॅन, सापडला. झालं! कंपनीनं निकाल लावला. गडी सणाची टाकून आला होता, गाळ लवकर सुटावा म्हणून त्यानंच आम्ल ओतलं, चुनखडीतून वायू उठला आणि त्यात तो गुदमरला.

अहल्याबाई चिटणीसांना हे सगळं नीरानं सांगितलं. नीरा ही हिंमतरावची बायको. बाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या-नळ्या हीच धुवायची. बाई आता निवृत्त होऊन दांडिया बाजारातल्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत होत्या. जीभ तशीच तिखट, पाठ तशीच ताठ.

"बाई, त्यांनी जन्मात कधी विडी ओढली नाही हो," नीरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली. "आणि उत्कर्षला वर्गातली पोरं विचारतात, तुझा बाप पिऊन खड्ड्यात पडला ना? पोरानं शाळा सोडली, बाई. जात नाही म्हणतो."

"रडू नकोस. रडून काही सिद्ध होत नाही. बैस आणि नीट आठवून सांग. आदल्या दिवशी काही वेगळं घडलं?"

"आदल्या दिवशी उत्तरायण, कारखाना बंद. त्याच्या आदल्या दिवशी भोगी. भोगीला उशिरा घरी आले. हात कोपरापर्यंत पांढरे. म्हणाले, 'आज साहेबांनी जुने दगड उपसून नवी चुनखडी मोजून टाकायला लावली. बावीस गोण्या. एक कमी नको, एक जास्त नको. एरवी कोण मोजतंय?' आणि हसले. तेवढंच."

बाई चहाचं आधण ठेवत होत्या. पाणी त्यांनी मापानं घेतलं आणि वर पुन्हा थोडं ओतलं. एवढ्यात दाराची घंटा वाजली.

"बाई आहेत का घरात? मी संजीव!"

नीराचा चेहरा पांढराफटक पडला. "तेच," ती पुटपुटली. "तेच आमचे साहेब."

२

संजीव दिघे हा बाईंचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. इतका, की इतर पोरं त्याला चिटणिसांचा दत्तक म्हणायची. आता कारखान्याचा मॅनेजर, अलकापुरीत बंगला, दाराशी नवी एस्टीम गाडी. पण आल्या आल्या त्यानं वाकून नमस्कार केला. बाईंना बरं वाटलं. का वाटू नये? आपण घडवलेलं पोर मोठं झालेलं कुणाला आवडत नाही?

"तिळगूळ घ्या बाई, गोड बोला," त्यानं डबा पुढे केला. "एवढं गोड बोललात तर माझ्या जन्माची कमाई."

"तुझ्याशी गोड बोलून तू बिघडला असतास. चहा घेणार ना?"

त्यानं स्वयंपाकघराच्या दिशेनं नुसती मान लांब केली आणि तो खळखळून हसला. "अजून दहाला अकरा?"

बाईही हसल्या. तो त्यांचा वर्गातला नियम होता. समीकरण जुळवा, काय किती लागेल ते काढा, आणि ज्या पदार्थानं दुसऱ्याला संपवायचं तो दहा भाग लागत असेल तर अकरा घ्या. दगड शंभर नंबरी नसतो, हात चळतो. नऊ घेणारा वेंधळा आणि वीस घेणारा उधळ्या, असं त्या पोरांना सुनवायच्या. पुस्तकात हे कुठे नव्हतं. दुसऱ्या कुठल्या मास्तरानं हे शिकवलंही नसतं. बाईंचा चहासुद्धा याच मापाचा.

संजीवनं कागद काढले. हिंमतरावच्या मृत्यूचा चौकशी अहवाल. फॅक्टरी इन्स्पेक्टरला बाहेरच्या एका तज्ज्ञाची सही हवी होती.

"मीच तुमचं नाव सुचवलं. चिटणीस बाईंची सही म्हटल्यावर बडोद्यात कोण शंका घेणार? आजोबा तुमचे महाराजांच्या हुजूर कचेरीतले. फक्त खाली सही करा."

"न वाचता सही केली तर आजोबा वरून खाली उतरतील. मी खड्डा बघते, मग बोलू."

"बघा की. गाडी पाठवतो. त्यात बघण्यासारखं काही नाही."

तो गेला. नीरा ओट्याशी पदर तोंडात धरून उभी होती.

"बाई, तुमचा लाडका ना तो?"

"माझा लाडका म्हणून खड्ड्याची खोली कमी होत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी तिळगुळाचा डबा न उघडताच बाजूला सारला.

३

नंदेसरीचा वास गाडीच्या काचा बंद करूनही आत येतो. बाईंनी नाकाला पदर लावला नाही. सगळं आयुष्य त्या वासात गेलेलं.

गेटवरचा पहारेकरी तुकोजीराव सुर्वे हा शेवटचा साक्षीदार. मिशा पिळदार, बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती.

"बाईसाहेब, मी काठावर दोरी धरून उभो होतो ने. दोन लाद्या बाजूला केल्या. हिंमत शिडीवरून उतरला. डोकं काठाखाली गेलं न गेलं तोच हात सुटला त्याचा. हाक पण मारली नाही. मी वाकलो तर मलाच भोवळ आली. मग आकडा लावून काढला."

"डोकं काठाखाली गेलं न गेलं तोच? तळाला पोचला नव्हता?"

"छे! अर्ध्या शिडीवर होता. पाय पण भिजले नाहीत."

"आणि कारबॉय?"

"हतो ने. काठावर हतो. हिंमतनीच ठेवला असेल." हे सांगताना म्हातारा बाईंकडे बघत नव्हता.

"उत्तरायणाच्या दिवशी कारखान्यात कोणी आलं होतं?"

"कुणीच नाही. मी दिवसभर गेटवर. कुत्रं आलं नाही."

बाईंची नजर त्याच्या हातावर गेली. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या पेरावर दोन बारीक, सरळ चिरा. एकीवर पट्टी. बडोद्यात जन्मलेल्या माणसाला त्या चिरा कशाच्या हे सांगावं लागत नाही. बाईंनी त्याला फक्त एवढंच सांगितलं की इथून कुठे जाऊ नका, मी परत येणार आहे.

प्रयोगशाळेत मालविका मजुमदार होती. कारखान्याची केमिस्ट, पंचविशीतली, मुंबईत शिकलेली. बाईंना बघून ती उभी राहिली आणि पुन्हा बसायचं विसरली.

"त्या सकाळी खड्ड्यातून निघणारं पाणी तपासलंस?"

"हो मॅडम. ते... ते अगदी साधं होतं. ना आम्ल, ना अल्कली. इतकं चोख पाणी त्या खड्ड्यातून मी कधी बघितलं नव्हतं. एरवी कमीजास्त असतंच."

"हे अहवालात का नाही?"

"साहेब म्हणाले गरज नाही." तिनं ओठ चावला. "मॅडम, मी प्रोबेशनवर आहे."

"असू दे. मला एवढंच सांग, चुनखडी टाकताना तू हिशेब कसा करतेस?"

"हिशेब कसला? अंदाजानं लागेल त्याच्या दुप्पट टाकतो. दगड स्वस्त आहे. आम्हाला कॉलेजातही असंच शिकवलं, शंका असेल तर दुप्पट."

बाईंनी तळाशी उरलेली चुनखडी बाहेर काढून तोलायला सांगितली. दोन मजूर लगेच शिडीकडे वळले. बाई एवढ्या जोरात ओरडल्या की आवारातले कावळे उडाले.

"थांबा! एक माणूस गेला तेवढा पुरे नाही का? आधी सगळ्या लाद्या काढा. पंखा आणा."

मालविकेनं धावत जाऊन मॅनेजरच्या केबिनमधला उभा पंखा आणला. जानेवारीची थंडी, त्यावर प्लास्टिकचं कव्हर तसंच होतं. लांब वायर जोडून तो काठावर तिरका लावला. मग जळता कंदील दोरीला बांधून तळापर्यंत सोडला. तो विझला नाही, तेव्हा कुठे बाईंनी माणसं उतरू दिली.

उरलेले दगड भरले. बरोबर दोन गोण्या. लिंबाच्या रसाचा थेंब टाकला तर दगडावर अजून बुडबुडे येत होते. म्हणजे चुनखडीच, नुसती माती नव्हे.

बावीस टाकल्या, दोन उरल्या. बाईंनी खड्डा मोजला आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी नीरा आली तेव्हा बाईंनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून टेबलावर पसरलं होतं. त्यावर टपोऱ्या अक्षरांत एकच ओळ:

CaCO₃ + 2HCl → CaCl₂ + H₂O + CO₂↑

"ये. हे तू हजारदा फळ्यावर बघितलं असशील. डावीकडे चुनखडी आणि आम्ल. उजवीकडे मीठ, पाणी आणि वायू. दोन्ही बाजूंचं वजन सारखं भरलंच पाहिजे. माणूस खोटं बोलतो, हे बोलत नाही."

नीरा खुर्चीच्या कडेला बसली.

"शंभर किलो चुनखडीला त्र्याहत्तर किलो आम्ल लागतं आणि त्यातून चव्वेचाळीस किलो वायू निघतो. आता कंपनीची गोष्ट धरू. हिंमतरावानं एक कारबॉय ओतला. पन्नास किलोचा कारबॉय, पण त्यात खरं आम्ल पंधरा किलो, बाकी पाणी. पंधरा किलोतून वायू किती? नऊ किलो. नऊ किलो वायूला जागा लागते पाच घनमीटर. खड्ड्याचा तळ पाच मीटर लांब, चार रुंद; खोली तीन. म्हणजे वीस चौरस मीटरवर पाच घनमीटर पसरला तर उंची किती भरेल?"

नीरा बोटांवर मोजू लागली.

"वीतभर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावर वीत टाकून दाखवली. "एवढी. तळाला उभा राहिला असता तरी त्याच्या घोट्यांच्या जरा वर आला असता तो वायू. आणि हिंमतराव अर्ध्या शिडीवर असताना पडला. डोकं काठाला लागून होतं त्याचं. नीरा, घोट्याएवढ्या वायूत कोणी बुडत नाही."

नीरानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे त्यांनी आम्ल ओतलं नाही?"

"ओतलं असतं तरी त्यानं मेला नसता. खड्डा काठोकाठ भरला होता, आणि तेवढा वायू व्हायला आम्ल किती लागलं तेही दगडच सांगतात. वीस गोण्या, म्हणजे हजार किलो चुनखडी विरघळली. तिला सातशेतीस किलो आम्ल हवं. जवळजवळ पन्नास कारबॉय! त्यातून निघालेल्या वायूनं असले चार खड्डे भरले असते. एवढं आम्ल माणूस हातानं ओतत नाही. ते टँकरनं येतं."

"पण बाई, उत्तरायणाला तर कारखाना बंद होता. तुकोजीकाका म्हणाले कुत्रंसुद्धा आलं नाही."

"तुकोजीकाकांनी उत्तरायणाला काय केलं ते त्यांच्या बोटावर लिहिलंय. चल. आज तूही चल."

५

"तुकोजीराव," बाई गेटवरच्या स्टुलावर बसत म्हणाल्या, "दिवसभर पहाऱ्यावर होतात ना? मग गेटवर उभं राहून मांजा कुणाशी लढवत होतात?"

म्हाताऱ्यानं हात पाठीमागे नेला. समोर नीरा उभी होती, कपाळ मोकळं. तो तिच्याकडे बघू शकला नाही आणि मग एकदम मटकन खाली बसला.

"पोरी, माफ कर. साहेबच म्हणाले, 'जा तुकोजी, सण आहे, नातवंडांबरोबर पतंग उडव. चाव्या मला दे.' इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुट्टी दिली. मी हरखून गेलो ने. दुसऱ्या दिवशी आलो तर आत मोठ्या चाकांचे पट्टे. खड्ड्यापर्यंत गेलेले."

"आणि कारबॉय?"

"हिंमतला काढला तेव्हा काठावर काहीच नव्हतं. देवाशप्पथ! मी हॉस्पिटलच्या गाडीला गेट उघडायला गेलो, परत आलो तर तिथे कारबॉय उभा. साहेब म्हणाले, तोंड उघडलंस तर गेट सोडून गेलास म्हणून तुलाच आत टाकतील."

नीरानं पाठ फिरवली.

बाईंना आता सगळं सरळ दिसायला हवं होतं. चाव्या संजीवकडे होत्या. पण चाव्या कोणीही मागून घेऊ शकतो, बावीस गोण्यांचा आकडाही साहेबाला दुसरा कोणी काढून देऊ शकतो. कारखान्याचे मालक शेठ हसमुखभाई? ते सणाच्या आधीपासून जर्मनीला प्रदर्शनात, आणि त्यांना लिटमस कागद आणि पतंगाचा कागद यातला फरक कळत नव्हता. मालविका? ती प्रयोगशाळेत बसते, टँकरवाल्यांशी तिची ओळख असणार. बाईंच्या मनानं मालविकेचं नाव घट्ट धरून ठेवलं. ती असावी, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. परकी मुलगी. आपली काही लागत नाही.

पण मालविका दुप्पट टाकते. हजार किलो लागत असती तर तिनं चाळीस गोण्या टाकल्या असत्या आणि वीस उरल्या असत्या. इथे दोनच उरल्या होत्या. ज्यानं कुणी हे केलं त्याला टँकरमधलं आम्ल आधीपासून ठाऊक होतं. त्यानं समीकरण मांडलं, वीस गोण्या लागतील असं काढलं आणि हिंमतरावाला मोजून बावीस टाकायला लावल्या. वीसला बावीस.

दहाला अकरा.

बाई स्टुलावरून उठल्या. नीरानं विचारलं, "बाई, काय झालं?" बाई मॅनेजरच्या केबिनकडे चालू लागल्या. साऱ्या नंदेसरीत हा नियम माहीत असलेला माणूस एकच होता, आणि तो त्यांच्याच बाकावर बसून शिकला होता.

६

संजीव केबिनमध्ये फोनवर होता. बाईंच्या मागून नीरा आत आली तसा त्यानं फोन ठेवला.

"बाई, झालं बघून? या, बसा. सही..."

"टँकर कुणाचा होता?"

"कसला टँकर?"

"संज्या, मी तुझ्या वह्या तपासल्यात. चूक झाली की तू आधी भुवई खाजवतोस. आत्ताही तेच करतोयस."

त्याचा हात झटकन खाली आला. बाईंनी त्याच्यासमोर सगळं मांडलं. वीतभर वायू, विरघळलेल्या वीस गोण्या, उरलेल्या दोन, चोख पाणी, चाकांचे पट्टे. आवाज एकदाही चढवला नाही. शेवटी म्हणाल्या, "बाकी कुणी केलं असतं तर मला सापडलं नसतं. पण तू माझा नियम पाळलास. आयुष्यात काय काय विसरलास, आणि नेमकं हेच लक्षात ठेवलंस!"

संजीव बोलायला लागला आणि थांबेचना. दुसऱ्या एका कारखान्याचं टाकाऊ आम्ल. शेठच्या मित्राचा कारखाना. त्यांच्यावर प्रदूषण मंडळाची नजर होती, म्हणून सणाच्या दिवशी इथे रिकामं करायचं ठरलं. शेठनं नव्या कारखान्याची खुर्ची कबूल केली होती.

"मी हिशेब बिनचूक केला होता, बाई. गटारात थेंबभर आम्ल जाऊ दिलं नाही. कुणालाही त्रास होणार नव्हता."

"आणि उजव्या बाजूचा वायू?"

"तो वर निघून जाईल असं वाटलं. दुसरा दिवस उजाडला होता, म्हणून त्याला गाळ काढायला उतरवलं." त्यानं मान वर केली, आणि आता त्याच्या डोळ्यांत राग होता. "तुम्हीच वर जाणारा बाण काढायचात ना फळ्यावर? बाण राहिला तर अर्धा गुण कापायचात!"

ते वाक्य बाईंना लागलं. खरंच लागलं. क्षणभर त्यांना फळ्यापुढची आपली सगळी वर्षं दिसली आणि त्या सगळ्या वर्षांत काढलेले बाण.

"बाण म्हणजे वायू पाण्यातून बाहेर पडला, एवढंच," त्या सावकाश म्हणाल्या. "पुढे तो कुठे जातो हे बघायला डोळे लागतात. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. खड्ड्यात बसून राहतो, आणि वर लाद्या तू घातल्यास. ठीक आहे. मी मास्तरीण आहे, माझा जन्म पोरांच्या चुका तपासण्यात गेला. ही मी चूक म्हणून मान्य करते. पण कारबॉय? तो काय चुकून काठावर चालत आला?"

संजीवनं टेबलावरचे कागद सारखे केले.

"माणूस अजून गरम होता, संज्या. आणि तू त्याच्या माथी मारायला कॅन शोधत फिरलास. वर दारूचं बालंट. तो जिवंत असता तर तुला साहेब म्हणून सलाम करत उभा राहिला असता. आणि बघ, एरवी सगळं मोजून करणारा तू, कारबॉय तेवढा हिशेब न करता ठेवलास. एक ठेवलास. पन्नास लागले असते."

"बाई, ऐका माझं." त्यानं हात जोडले. "अहवाल बदलू. 'वायू साचल्यानं अपघात' एवढंच लिहा. हिंमतरावाचं नाव आज मोकळं होईल. माझं घर वाचेल. नाहीतर शेठ वकील लावतील, वर्षानुवर्षं चालेल, आणि तोवर दोष हिंमतरावावरच राहील. नीराताईंनाच विचारा ना."

बाईंनी नीराकडे पाहिलं. त्यांना वाटलं ती हो म्हणेल. पोराची शाळा, घर, सगळं त्या एका ओळीत सुटत होतं. आणि खोटं कशाला बोलायचं, ती हो म्हणाली तर बरं, असंही बाईंच्या मनाच्या एका कोपऱ्याला वाटलं.

"साहेब," नीरा म्हणाली, "मग त्या अहवालात कारबॉयचं काय लिहायचं? तो काठावर कुणी ठेवला?"

"त्याचा उल्लेखच करायचा नाही."

"उल्लेख नाही केला तर लोक म्हणतील, घाडग्यानंच ठेवला, पण दया म्हणून लिहिलं नाही. मला दया नको." ती बाईंकडे वळली. "बाई, तुम्ही फळ्यावर अर्धंच समीकरण लिहून कधी घरी गेलात का?"

बाईंनी पिशवीतून तिळगुळाचा डबा काढला आणि संजीवच्या टेबलावर ठेवला. झाकणावरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

"हा परत घे. गोड बोलणं मला जमणार नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पेन उघडलं आणि छापील अहवालावर आडवी रेघ मारून खाली स्वतःच्या अक्षरात पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं.

७

पुढे काय झालं ते सांगायला मजा नाही. संजीवला पोलिसांनी धरलं आणि लगेच जामिनावर सोडलं. शेठनं जर्मनीहून येऊन हळहळ व्यक्त केली आणि त्याला दुसऱ्या गावच्या कारखान्यावर बसवलं. टँकर कुणाचा होता हे कुणालाच आठवेना. खटला लागला आणि तारखा पडत राहिल्या. मालविकेनं खरी साक्ष दिली, तिची नोकरी गेली. तुकोजीराव स्वतःच घरी बसला. बडोद्यातली निम्मी मराठी मंडळी म्हणाली, चिटणीस बाईंनी पोटच्यासारख्या पोराचं वाटोळं केलं, वयानुसार डोकं फिरलं असेल. बाईंनी लग्नाकार्याला जाणं तेवढं बंद केलं.

एवढं मात्र झालं. इन्स्पेक्टरच्या हुकमानं कारखान्याच्या फलकावर एक चिठी लागली, की हिंमतराव घाडगे यांचा या अपघातात कोणताही दोष नव्हता आणि ते शुद्धीत होते. उत्कर्ष ती स्वतः जाऊन वाचून आला आणि दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन शाळेत गेला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी नीरा हे सांगायला आली. बाईंनी चहा केला. दोघी खिडकीशी बसल्या. नीरा कप हातात धरून राहिली होती, पीत नव्हती.

"बाई, एक विचारू का? त्या दिवशी तुम्ही दगड काढायला माणसं उतरवलीत. त्यांना काही झालं नाही. मग तो वायू गेला कुठे?"

बाईंना हा प्रश्न येणार हे माहीत होतं. तो येऊ नये म्हणून त्या इतके दिवस देवाची प्रार्थना करत होत्या, आणि देवावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

"लाद्या काढल्या आणि पंखा लावला. हवा खेळली की निघून जातो."

"किती वेळ लागतो?"

"तासभर. फार तर."

नीरानं थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

"पंखा कुठून आणला होता?"

"साहेबांच्या केबिनमधून."

"म्हणजे होता."

"हो. होता. थंडीमुळे कव्हर घालून ठेवला होता."

नीरा उठली. मोरीत जाऊन तिनं कप विसळला, प्रयोगशाळेत विसळायची तसा तीनदा, आणि पालथा घालून ठेवला. मग पदरानं हात पुसून ती म्हणाली, "येते बाई. उत्कर्ष शाळेतून येईल एवढ्यात."